सगळ्यांना एकच वायरलेस चॅनेल का देत नाहीत? लोकल, मेट्रो, बेस्ट, पोलीस आणि फायर ब्रिगेडबद्दल जरा सविस्तर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली म्हणजे 19 ऑगस्ट 2025 ला भर पावसात चेंबूरला म्हैसूर कॉलनीजवळ मोनोरेल अडकली, आत पाचशेच्या वर माणसं, फायर ब्रिगेडने उंच शिडीच्या गाड्या लावून त्यांना खाली उतरवलं, तर अशा वेळी मोनोवाले, पोलीस, फायर, पालिका सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी असतातच, मग सरळ सगळ्यांना एकच चॅनेल का देत नाहीत. आणि दुसरी, तुमच्या गणपती मंडळाने ऑनलाइन मिळणारे सेट मागवावेत का. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे ते शेवटी देतो. पहिल्याचं मात्र नीट सांगावं लागेल, मी वाहतुकीच्या क्षेत्रात वायरलेसचं काम आणि मॉक ड्रिलचं नियोजन बरीच वर्षं केलंय आणि हा प्रश्न मला दर पावसाळ्याआधी कुणी ना कुणी विचारतंच.

एकच चॅनेल दिलं तर काम बिघडतं. वायरलेसवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प ऐकायचं, आणि दोघांनी एकदम दाबलं की दोघांचंही वाया जातं किंवा ज्याचा सेट जवळ त्याचाच आवाज येतो. आता घटनास्थळी फायरची माणसं आत शिरलेली, त्यांचं आपसात अखंड बोलणं चालू, पोलीस गर्दी मागे सारतायत, त्यांचं वेगळं चालू, स्टेशन मास्तर गाड्या थांबवतोय, अॅम्ब्युलन्सवाला रस्ता विचारतोय. हे सगळं एका चॅनेलवर आणलं की धुरात अडकलेल्या जवानाचा आवाज अॅम्ब्युलन्सच्या पत्त्याखाली दबून जाणार. 11 जुलै 2006 आठवून बघा. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास अवघ्या 11 मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, माटुंगा माहीमपासून थेट मीरा रोड भाईंदरपर्यंत, 209 माणसं गेली. सात जागी सात वेगळी कामं एकाच वेळी चालली होती आणि मोबाइल तर जाम झाले होते. ही सातही ठिकाणं एकाच चॅनेलवर बोलत असती तर खारवाल्याने मागितलेलं स्ट्रेचर जोगेश्वरीला गेलं असतं.

म्हणून प्रत्येक खात्याने स्वतःचं काम स्वतःच्याच चॅनेलवर करायचं, ते हलवायचं नाही, आणि त्याच्या वर एक समन्वयाचं चॅनेल ठेवायचं ज्यावर प्रत्येक खात्याचा फक्त एक माणूस असेल. त्या घटनेचा फायरचा प्रमुख, पोलिसांचा तिथला वरिष्ठ, रेल्वेचा किंवा मेट्रोचा अधिकारी, बेस्टच्या बसचा एक आणि विजेचा एक, आणि पालिकेच्या मुख्यालयातला आपत्कालीन नियंत्रण कक्ष, तोच जिथे आपण 1916 लावतो. बास. सहा सात जण, जास्त नाहीत. आणि प्रत्येकाबरोबर एक ऐकणारा माणूस पाहिजे, कारण प्रमुखाच्या एका कानात स्वतःच्या खात्याचा सेट असतो, दुसऱ्या कानात कुणीतरी ओरडत असतं, त्याला तिसरं ऐकूच येत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 साली घटना प्रतिसादाची जी मार्गदर्शक पद्धत दिली त्यात संपर्काचं वेगळं युनिट आहे ते याचसाठी, कुणीतरी एक जण असा पाहिजे ज्याचं काम फक्त कोण कोणाशी कशावर बोलतंय हे बघणं आहे. ड्रिलमध्ये हे पद कागदावर असतं आणि प्रत्यक्षात ते ज्याच्याकडे असतं त्याला दुसरी चार कामं दिलेली असतात, मला याचा खरंच त्रास होतो कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

आता तांत्रिक भाग, लवकर सांगतो. वॉकीटॉकी म्हणजे सगळे सारखे असं नसतं. कुणाचा सेट व्हीएचएफवर, कुणाचा यूएचएफवर, हे फ्रिक्वेन्सीचे दोन वेगळे पट्टे, ते एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. रेल्वेत गार्ड आणि मोटरमनकडे 5 वॅटचा व्हीएचएफ सेट असतो, स्टेशनात 25 वॅटचा. भारतातल्या बऱ्याचशा मेट्रो टेट्रा नावाच्या डिजिटल पद्धतीवर चालतात, त्यात एका 25 किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे एका रेडिओ लहरीवर, चार बोलण्यांसाठी चार कप्पे पडतात आणि साधारण एक कप्पा नियंत्रणाला जातो. हा टेट्राचा सेट साध्या अॅनालॉग सेटला खरखरसुद्धा ऐकवत नाही. बरं दोघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर असले तरी टोन, म्हणजे समोरचा सेट उघडायला आवाजाबरोबर जाणारा खुणेचा सूर, वेगळा सेट केला असेल तर समोरचा सेट मुका राहतो, ड्रिलच्या दिवशी अर्धा तास डोकं खाजवून शेवटी टोनच चुकलाय असं निघतं, हे फार वेळा होतं. आणि कोणीही मनाने दुसऱ्या खात्याची फ्रिक्वेन्सी आपल्या सेटमध्ये भरू शकत नाही, त्याचा परवाना डब्ल्यूपीसी, म्हणजे दूरसंचार विभागाच्या फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेकडून असतो, दोन खात्यांत लेखी संमती लागते. ही संमती पावसाळ्याआधी घ्यायची असते, पाऊस चालू झाल्यावर फाइल हलत नाही.

दोन वेगळ्या पद्धती जोडायला गेटवे मिळतो, पेटीएवढं यंत्र, एका बाजूला पोलिसांचा सेट जोडायचा दुसऱ्या बाजूला मेट्रोचा, इकडचा आवाज तिकडे जातो, त्याला आम्ही पॅच म्हणतो. चांगली वस्तू आहे पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, पॅचमधून आवाज उशिरा निघतो, म्हणून बटण दाबल्या दाबल्या बोललात की पहिले दोन शब्द कापले जातात, आणि पहिला शब्द जर 'नको' असेल तर समोरच्याला फक्त 'पाठवा' ऐकू येतं. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, ही सवय हाताला लावून घ्यावी लागते. दोन, काम संपल्यावर पॅच काढायचा. तो तसाच राहिला तर एका खात्याची रोजची बडबड रात्रभर दुसऱ्याच्या चॅनेलवर वाजत राहते आणि मग ते लोक वैतागून आवाजच कमी करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी खरा कॉल आला की कुणी ऐकत नाही.

खरं सांगू का, गेटवेपेक्षा जास्त वेळा काम करतो तो साधा उपाय, म्हणजे सेटची अदलाबदल. फायरचा एक सेट मेट्रोच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या फायरच्या माणसाकडे आणि मेट्रोचे चार सेट स्टेशन कंट्रोलरच्या कपाटात चार्ज करून ठेवलेले, फायरचा बंब आला की त्याच्या प्रमुखाच्या हातात द्यायचे. भूमिगत स्टेशनात तर हे मी सक्तीचंच म्हणेन. मेट्रो 3 बघा, आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, 27 पैकी 26 स्टेशनं जमिनीखाली. बोगद्यात रेडिओचा आवाज आपोआप जात नाही, त्यासाठी भिंतीच्या कडेने एक खास केबल टाकतात ज्यातून सिग्नल मुद्दाम गळू दिलेला असतो, लीकी केबल म्हणतात तिला. जिच्यासाठी ती केबल टाकली ती यंत्रणा आत ठणठणीत चालते, बाहेरून आलेल्या खात्याचा सेट मात्र त्या केबलवर घेतलेला नसेल तर दुसऱ्या जिन्यावरच गप्प होतो.

एका भूमिगत ड्रिलमध्ये मी तिकीट खिडक्यांच्या मजल्यावर उभा होतो तेव्हा हे डोळ्यासमोर झालं. फायरचे जवान खाली फलाटावर गेले, वर रस्त्यावर त्यांचा प्रमुख सेट कानाला लावून 'खाली काय स्थिती, ओव्हर', पुन्हा 'खाली काय स्थिती', उत्तर नाही. शेवटी दोन जवान जिन्याच्या वळणांवर उभे केले आणि निरोप तोंडी वर खाली जाऊ लागले. खालून निघालेलं 'दोन बेशुद्ध, एक चालू शकतो' वर पोचेपर्यंत 'दोन चालू शकतात, एक बेशुद्ध' झालं होतं. वरून एकच स्ट्रेचर खाली गेलं. ड्रिल होती म्हणून निभावलं. स्टेशन कंट्रोलरच्या मागच्या कपाटात मेट्रोचे सेट होते, कुणी मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत कारण यादीत ते लिहिलेलंच नव्हतं.

लंडनने याची किंमत मोजलीय. 18 नोव्हेंबर 1987 ला किंग्ज क्रॉसच्या भूमिगत स्टेशनात आग लागून 31 माणसं गेली, चौकशीत जमिनीखाली रेडिओ चालत नाही हा मुद्दा ठळक आला, आणि तरी 7 जुलै 2005 च्या स्फोटांच्या वेळी तिथल्या बचाव खात्यांना खाली धड बोलता येत नव्हतं. 2006 च्या लंडन असेंब्लीच्या अहवालात हेच पुन्हा आलं. अठरा वर्षं. आपली भूमिगत लाइन नवीन आहे, आपल्याला तेवढं थांबायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर मी प्रशिक्षणात निम्मा वेळ घालवतो. वायरलेस चालला तरी माणसं वेगवेगळं समजतात. रेल्वेच्या रुळावर काही झालं की पहिला प्रश्न वरच्या तारेचा, 25000 व्होल्ट. फायरने पाणी मारायच्या आधी, गाडीच्या टपाजवळ शिडी लावायच्या आधी ती तार मेलेली पाहिजे. आणि 'लाइन बंद केलीय' हा निरोप जीवघेणा आहे. गाड्या बंद केल्या का वीज बंद केली? वीज बंद केली तर फक्त स्लोची का फास्टचीसुद्धा? बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं, म्हणजे तार जमिनीला जोडली, का नुसती बंद केलीय? नुसती बंद केलेली तार कुणी चुकून पुन्हा चालू करू शकतो, शिवाय शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात वीज उतरू शकते. फायरच्या जवानाला 'लाइन चार्ज' म्हणजे पाइपात पाणी आलं, ट्रॅक्शनवाल्याला, म्हणजे रेल्वेच्या तारेची वीज सांभाळणाऱ्याला, 'लाइन चार्ज' म्हणजे तारेत वीज आली, दोघं एकाच चॅनेलवर, विचार करा. म्हणून निरोप असाच द्यायचा: 'अप स्लो आणि डाऊन स्लो, दोन्हीची वीज बंद, दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं, फास्टवर वीज चालू आहे, फास्टवर गाड्या थांबवल्या आहेत, वेळ अमुक, बोलणारा अमुक.' समोरच्याने तो अख्खा परत म्हणून दाखवायचा, नुसतं रॉजर चालणार नाही. परत म्हणून दाखवेपर्यंत एकानेही रुळावर पाय ठेवायचा नाही. मोनोरेलला वर तारच नाही, तिचा 750 व्होल्ट डीसी प्रवाह ती ज्यावरून धावते त्या बीमच्या बाजूने असतो, म्हणून तिथे तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो आणि ते शब्द मोनोवाल्यांकडून आधी शिकून घ्यावे लागतात.

मग जागा. रेल्वेवाला खांबाचा नंबर सांगतो, पोलीस म्हणतो पुलाखाली मशिदीच्या बाजूला, फायरवाला वॉर्ड आणि गल्ली विचारतो, तिघंही एकाच जागेबद्दल बोलत असतात. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी एकमेकांना चिकटून आहेत, आणि प्रभादेवीला अजून निम्मे लोक एल्फिन्स्टनच म्हणतात, 2017 ला 29 सप्टेंबरला तिथल्याच पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. दादरला तर 2023 च्या डिसेंबरपर्यंत एक नंबर फलाट दोन होते, एक मध्यचा एक पश्चिमचा, मग मध्य रेल्वेचे फलाट आठपासून पुढे मोजायला लागले तेव्हा कुठे हा घोळ संपला. हा बदल प्रवाशांसाठी म्हणून केला पण वायरलेसवर बोलणाऱ्यांवर त्याचे खूप उपकार आहेत. प्रत्येक स्टेशनसाठी एक पान बनवावं, त्यावर फायरचा बंब कुठल्या गेटने येणार, ते गेट कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वॉर्डात, जवळचा खांब नंबर काय, आणि स्थानिक लोक त्या जागेला काय म्हणतात हे सगळं शेजारी शेजारी लिहावं. ते पान सगळ्या कंट्रोल रूममध्ये सारखंच पाहिजे.

वॉर्डाची अक्षरंपण बघा, बी, सी, डी, ई, जी, पी, टी, खरखरीत सगळी एकसारखी वाजतात. 'भायखळ्याचा ई', 'दादरचा जी नॉर्थ', 'मुलुंडचा टी' असं जोडून म्हणायचं. आणि आकडे सुटे सुटे म्हणायचे. मराठीत आपण 'एकोणसाठ' म्हणतो आणि समोरचा 'एकोणसत्तर' ऐकतो, 'सात' आणि 'साठ' तर पावसाच्या आवाजात अजिबात कळत नाहीत. पाच नऊ म्हणा, सहा शून्य म्हणा. शिवाय समोर अंधेरीहून आलेली एनडीआरएफची टीम असेल तर त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी आकडे येत नाहीत, तिथे हिंदी किंवा इंग्रजी आकडे सुटे म्हणावेत, त्यात मराठीचा काही अपमान नाही.

बेस्टला बहुतेक वेळा विसरतात, हे मी मुद्दाम लिहितोय. सायन कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या की हजारो माणसं स्टेशनबाहेर येतात आणि त्यांना हलवणारी बेस्टची बस असते. पण बेस्टला कळायला पाहिजे की गाडी कुठपर्यंत येतेय आणि रस्त्यावर कुठे पाणी आहे, नाहीतर बस निघते आणि गांधी मार्केटजवळ स्वतःच अडकते. शिवाय शहर भागात घरातली वीजही बेस्टचीच, म्हणजे इमारतीला आग लागली की वीज तोडायला फायरला बेस्टच पाहिजे. एकाच नावाची दोन खाती, दोन वेगळे कंट्रोल, समन्वयाच्या यादीत दोन्ही नावं वेगवेगळी लिहा.

बॅटरीचं गणित साधं आहे. कंपनी आठ तास म्हणते ते शंभरातले पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग गप्प पडून राहणं असं धरून. खऱ्या घटनेत सेट एवढा गप्प बसतच नाही, बोलण्यात बॅटरी सगळ्यात जास्त जाते, तीन चार तासांत सेट खाली. म्हणून जोडीला दुसरी बॅटरी आणि ती घेऊन फिरणारा माणूस. टेकडीवरच्या किंवा उंच इमारतीवरच्या रिपीटरला, म्हणजे सेटचा आवाज पकडून लांब पोचवणाऱ्या यंत्राला, जनरेटर आहे का, त्यात डिझेल आहे का, हे जाऊन बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, वीज, फोन, मोबाइल एकामागून एक गेले. 12 ऑक्टोबर 2020 ला तर पाऊसही नव्हता, ग्रिड गेली आणि लोकल उभ्या राहिल्या. रिपीटर गेला तर सेटवरून सेटवर थेट बोलायचं चॅनेल कुठलं हे प्रत्येकाला पाठ पाहिजे, टेट्रातही तशी सोय असते, पण थेट चॅनेलवर गेलेला माणूस टॉवरवरच्या लोकांना ऐकू येत नाही हे विसरायचं नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल तुम्ही लिहिलं होतं की आता त्यावरच सगळं चालतं. फोटोला, नकाशाला, जखमींच्या यादीला उत्तम आहे, वापरा. पण हुकूम त्यावर देऊ नका. कोणी वाचलं कळत नाही, नेटवर्क आलं की जुना मेसेज नंतर येऊन पडतो, आणि 'जवान मागे घ्या' हा मेसेज वीस मिनिटांनी वाचला गेला तर काय उपयोग.

आता हे सगळं लोकांच्या अंगवळणी कसं पडणार, तर माझं ठाम मत आहे की त्यासाठी वेगळी ड्रिल पुरत नाही, अनंत चतुर्दशी वापरा. त्या रात्री पोलीस, वाहतूक पोलीस, पालिका, फायर, बेस्ट, रेल्वेच्या रात्रीच्या जादा लोकल, गिरगाव चौपाटीवरचे जीवरक्षक, सगळे रस्त्यावर असतातच. तेव्हा समन्वयाचं चॅनेल चालू ठेवा, दर तासाला प्रत्येकाची हजेरी घ्या, चर्नी रोड स्टेशनवर गर्दी किती, कुठला पूल एकतर्फी केला हे त्यावरूनच सांगा. कपाटात ठेवलेलं चॅनेल आपत्तीच्या दिवशी कुणी उघडत नाही, घाबरलेला माणूस सवयीच्याच बटणावर बोट ठेवतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशीही असंच करता येतं, खर्च काहीच नाही.

झाल्यावर सगळ्यांच्या नोंदी एकत्र बसून वाचायच्या. तिथे एक फार साधी गोष्ट आडवी येते, घड्याळं. फायरच्या वहीत वर्दी 6.40 ला, रेल्वेच्या वहीत वीज बंद 6.38 ला, पोलिसांत पहिला कॉल 6.44 ला, मग वीज फायर निघायच्या आधी बंद झाली का नंतर यावर दोन तास वाद. सकाळच्या हजेरीबरोबर घड्याळं जुळवून घेतली तर हा वाद होत नाही, आणि मग खरा उशीर कुठे झाला ते दिसतं.

मंडळाच्या सेटचं. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट विनापरवाना वापरता येतात, तेवढेच घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, त्यांना परवाना लागतो आणि चुकून पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या चॅनेलवर तुमचं 'लाडू संपले' गेलं तर तो गुन्हाच आहे, शिवाय त्या क्षणी कुणाचा तरी खरा निरोप दबतो. घेतलेले सेट मांडवात डीजे चालू असताना तपासा, शांत गल्लीत सगळेच सेट चांगले वाजतात, आणि कानात लावायची इअरपीस नक्की घ्या. पोलिसांना तुमचा सेट नकोय, त्यांना तुमचा एक माणूस हवाय, सेट हातात असलेला, जो चौकीतल्या अधिकाऱ्याच्या शेजारी रात्रभर उभा राहील आणि मिरवणूक कुठे थांबलीय ते विचारल्यावर लगेच सांगेल. तो माणूस नाचणारा नको, आणि त्याचं नाव आणि फोन नंबर विसर्जनाच्या आधीच चौकीत लिहून द्या.